कपड्याखाली लपणारं पिस्तूल: अमेरिकेतल्या सिंगल-स्टॅक बाजारात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्रीन कार्ड आलं, घर झालं, ऑफिसातल्या कुणीतरी शनिवारी गोळीबाराच्या रेंजवर नेलं, की बऱ्याच मराठी घरांत पिस्तुलाचा विषय निघतो. मग माणूस रात्री उशिरापर्यंत फोनवर व्हिडिओ बघत बसतो आणि आठवड्याभरात ग्लॉक, सिग, शील्ड ही नावं त्याच्या तोंडी बसतात. पिस्तूल घ्यावं की नाही, हा वाद इथे घालत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात नवरा-बायकोने बसून मिटवायचा. घ्यायचंच ठरलं असेल, आणि ते कपड्याखाली बाळगायचं असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि दुकानात काय बघायचं, तेवढं सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: सडपातळ छोटं पिस्तूल (त्यातलं गोळ्या एकाच रांगेत असलेलं ते ‘सिंगल स्टॅक’) नवख्याला ‘सोपं’ म्हणून विकलं जातं, आणि चालवायला तेच सगळ्यांत अवघड असतं. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात असू द्या.

पायरी १: आधी व्हिसा, मग मॉडेल

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ यांपैकी कशावरही असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे तुम्हाला पिस्तूल किंवा काडतुसं विकतही घेता येत नाहीत आणि जवळही ठेवता येत नाहीत. एक अपवाद आहे, तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ते काढून पिस्तूल घेतलेले लोक आहेत. पण लायसन्सची मुदत संपली की त्याच दिवशी तुमचा हक्कही संपतो आणि घरातलं पिस्तूल गुन्ह्याचा पुरावा होऊन बसतं. एका नूतनीकरणाच्या तारखेवर एवढं टांगून ठेवण्यापेक्षा ग्रीन कार्डाची वाट बघावी, असं मी म्हणेन. ग्रीन कार्डधारकाला मात्र नागरिकासारखंच दुकानातून घेता येतं.

रेंजवर भाड्याने घेऊन चालवणं हेही कायद्याच्या नजरेत बाळगण्यातच मोडू शकतं. म्हणून सहा महिन्यांसाठी राहायला आलेल्या बाबांना रेंजवर न्यायचा, त्यांच्या हातात पिस्तूल देऊन गावाकडच्या ग्रुपवर फोटो टाकायचा मोह आवरा. ते बी-२ वर आलेत, आणि तो फोटो म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलेला कागद आहे. बाबा घरात असतील तेवढे दिवस तिजोरीची चावी किंवा कोडही त्यांच्याकडे नको.

ग्रीन कार्डवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हत्याराच्या कायद्याखाली शिक्षा झाली तर नागरिकाला दंड किंवा तुरुंग होतो, तुम्हाला त्याशिवाय देशाबाहेरही काढता येतं. शेजारच्या गोऱ्याने ‘अरे, इथे सगळेच करतात’ असं सांगितलं तरी त्याची आणि तुमची जोखीम सारखी नाही. गांजाचंही तेच. तुमच्या राज्यात तो दुकानात राजरोस मिळत असेल, पण फेडरल कायद्यात तो अजून बंद आहे, आणि खरेदीच्या फॉर्मवर त्याबद्दल थेट प्रश्न आहे. गांजा घेणाऱ्याला हत्यार नाही, असा तो हिशेब. खोटं लिहिलंत तर तो वेगळा गुन्हा.

पायरी २: तुमचं राज्य काय म्हणतं

फ्लोरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना द्यायचा कायदा केला आणि तिथून एकेक राज्य त्या वाटेने गेलं. कुणालाच परवाना न देणारं शेवटचं राज्य इलिनॉय, तेही २०१३ मध्ये बदललं. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्याचा निकाल दिला आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना ‘तुम्हाला खास गरज आहे हे सिद्ध करा’ ही अट सोडावी लागली. दुसऱ्या टोकाला टेक्सस. तिथे सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवायही बाळगता येतं. अशी राज्यं आता पंचवीसच्या वर आहेत.

परवाना लागत नसला तरी काढा. त्यासाठी वर्गात बसावं लागतं आणि काही तास का होईना, कायदा कानावर पडतो. इलिनॉयमध्ये सोळा तासांचं प्रशिक्षण आहे आणि त्याआधी हत्यार किंवा काडतूस घ्यायलाच वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये सोळा तास वर्ग आणि वर दोन तास प्रत्यक्ष गोळीबार. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायचा परवाना वेगळा, बाळगायचा वेगळा. एडिसनमधल्या माणसाने डॅलसमधल्या मावसभावाचा सल्ला ऐकून काही करू नये, ते यासाठीच. दुसऱ्या राज्याचा परवाना न्यू जर्सी मानत नाही, न्यूयॉर्कही नाही. पेनसिल्व्हेनियातून पूल ओलांडताना गाडीच्या कप्प्यात पिस्तूल राहिलं आणि आयुष्य उलटंपालटं झालं, असं भल्या माणसांचं झालेलं आहे.

काही राज्यांत मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीत, दहापेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स ही त्यांतली मोठी. कॅलिफोर्नियात वर मान्यताप्राप्त मॉडेलांची सरकारी यादी आहे, खरेदीनंतर दहा दिवस थांबावं लागतं, आणि जुलै २०२४ पासून हत्यारावर अकरा टक्के जादा कर आहे. जालावर आवडलेलं मॉडेल त्या यादीत आहे का, हे आधी बघा. नाहीतर मन बसलेलं असतं आणि दुकानदार मान हलवतो.

पायरी ३: ‘सिंगल स्टॅक’ म्हणजे काय, आणि त्याचा बाजार कुठे गेला

पिस्तुलाची जाडी ठरते ती मुठीत, कारण मुठीच्या आत मॅगझिन असतं. गोळ्या एकावर एक सरळ रचल्या की एकेरी रांग, म्हणजे सिंगल स्टॅक. दोन रांगा एकमेकींत अडकवून रचल्या की डबल स्टॅक. पंधरा गोळ्यांचं ग्लॉक १९ हे डबल स्टॅक, जाडी सव्वा इंचाच्या पुढे. एकेरी रांगेचं पिस्तूल एका इंचाच्या आसपास बसतं. फरक पाव इंचाचा. कागदावर काहीच नाही, पण पोटावरच्या पट्ट्याच्या आत दिवसभर ठेवून गाडी चालवा, मग तो पाव इंच कळतो.

एकेरी रांग मुळात जुनीच. १९११ साली अमेरिकी लष्कराने घेतलेलं कोल्ट तसंच होतं, जर्मन वॉल्थर पीपीकेही तसंच. पुढे १९९४ ते २००४ या दहा वर्षांत फेडरल कायद्याने नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली. मोठ्या मुठीत दहाच गोळ्या भरायच्या असतील तर मूठ मोठी कशाला, असा साधा हिशेब कंपन्यांनी केला आणि छोट्या पिस्तुलांकडे वळल्या. त्यात परवाने वाटणारी राज्यं वाढत होती, म्हणजे गिऱ्हाईकही तयार होतं. २००८ मध्ये रूगरचं एलसीपी आलं. ३८० एसीपी काडतुसाचं, रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅम, पँटच्या खिशात मावणारं. पण खरा धमाका २०१२ चा. स्मिथ अँड वेसनने एम अँड पी शील्ड काढलं: ९ मिलिमीटर, जाडी इंचाहून कणभर कमी, मॅगझिन सात आणि आठ गोळ्यांची. त्याच सुमाराला स्प्रिंगफील्डचं एक्सडी-एस आलं, त्याच्या आदल्या वर्षी रूगरचं एलसी९. ग्लॉक मागे राहिलं होतं. त्यांनी २०१४ मध्ये ३८० मधलं ४२ काढलं, लोक ‘९ मिलिमीटर कुठाय’ म्हणून ओरडले, आणि २०१५ मध्ये ४३ आलं. मॅगझिनमध्ये सहा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खणात) एक. या तीन-चार वर्षांत दुकानांची काचेची कपाटं याच मालाने भरली होती.

मग जानेवारी २०१८ मध्ये सिगने पी३६५ दाखवलं. जाडी तीच इंचभर, लांबी पावणेसहा इंचांच्या जवळ, म्हणजे शील्डपेक्षाही आखूड. आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. युक्ती मॅगझिनच्या आकारात आहे. खाली गोळ्या थोड्या तिरक्या, जवळजवळ दोन रांगांत बसतात आणि वर जाताना एका रांगेत निमुळत्या होतात. जाडी जवळपास न वाढवता तीन-चार गोळ्या जास्त. बाकीच्यांना मागे धावावंच लागलं. २०१९ च्या सुरुवातीला ग्लॉक ४३एक्स आणि ४८, त्याच वर्षी स्प्रिंगफील्ड हेलकॅट अकरा गोळ्यांचं, २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस, रूगर मॅक्स-९, टॉरस जीएक्स४. शील्ड प्लस तर जुन्या शील्डशेजारी ठेवलं की पटकन ओळखूही येत नाही, आणि त्यात गोळ्या दहा किंवा तेरा. मधल्या २०२० मध्ये साथ आणि दंगली यांमुळे खरेदीची लाट आली. त्या एका वर्षात फेडरल पार्श्वभूमी तपासण्या ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेल्या. पहिल्यांदा पिस्तूल घेणारे लाखो लोक त्यात होते आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हाच नवा माल उचलला.

म्हणून आज दुकानात जाऊन सिंगल स्टॅक मागितलंत तर काउंटरवरचा माणूस पी३६५ किंवा शील्ड प्लस पुढे सरकवेल. त्याचं चूक नाही. दहा गोळ्यांची मर्यादा असलेल्या राज्यांत सिंगल स्टॅकच घ्यावं, असा सल्ला अजून ऐकू येतो. तो आता शिळा झाला, कारण याच पिस्तुलांची दहा गोळ्यांची मॅगझिनं मिळतात आणि सहापेक्षा दहा जास्तच.

तरीही खऱ्या एकेरी रांगेच्या पिस्तुलाला जागा उरली आहे, ती अशी. एक म्हणजे पैसे. रूगर ईसी९एस नवं कोरं साधारण अडीचशे ते तीनशे डॉलरांत मिळतं, वापरलेलं जुनं शील्ड त्याच्याच आसपास. पी३६५ किंवा हेलकॅटला पाचशेच्या आसपास मोजावे लागतात, वर कर. दुसरं, मनगटात किंवा बोटांत जोर नसणाऱ्यांसाठी शील्ड ईझेड. एकेरी रांग, आठ गोळ्या, आकाराने जरा मोठं, पण स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) ओढायला इतकी हलकी की संधिवात असलेल्या बाईलाही जमते. साठीच्या पुढच्या कुणासाठी बघत असाल तर हेच आधी दाखवा. तिसरं, ज्यांचे हात खरंच छोटे आहेत ते. एवढं सोडलं तर मी नवख्याला नवं पिस्तूल घेताना एकेरी रांगेच्या मागे लागू नका म्हणेन.

पायरी ४: विकत घेण्याआधी चालवून बघा

काचेच्या कपाटासमोर सगळीच पिस्तुलं हातात छान बसतात. रेंजवर पंधरा-वीस डॉलरांत भाड्याने मिळतात, काडतुसांचे पैसे वेगळे. पहिल्यांदा जाताना कुणाला तरी सोबत न्या. बऱ्याच रेंजवर एकट्या नवख्या माणसाला भाड्याने देतच नाहीत, कारण तिथे जाऊन आत्महत्या केल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

हातात घेतलं की पहिली गोष्ट नेहमी तीच. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, फ्रेमवर सरळ. मॅगझिन काढा. मग स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढलीत, तर वरची गोळी चेंबरमध्ये जाते आणि तुम्हाला वाटतं रिकामं झालं. दुकानदाराने आत्ताच तुमच्यासमोर तपासून दिलं असलं तरी तुम्ही पुन्हा तपासायचं. त्यात कुणाचा अपमान नाही. उलट जो तपासत नाही त्याच्याकडे लोक तिरकं बघतात.

आता स्लाइड. छोट्या पिस्तुलाची नळी तीन-साडेतीन इंचांची, त्यामुळे स्प्रिंग आखूड आणि कडक. डाव्या हाताच्या चिमटीने ओढायला जाल तर निसटेल. तळवा वरून टाकून चार बोटांनी गच्च धरा, ती मागे ओढा आणि त्याच वेळी उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. पाच वेळा सलग जमलं तर पुढे जा, नाही जमलं तर हे पिस्तूल तुमचं नाही. मॅगझिनही स्वतः भरा. पहिल्या चार-पाच गोळ्या गुमान जातात, शेवटच्या दोन भरताना अंगठ्याचं टोक पांढरं पडतं.

मग करंगळी कुठे जाते ते बघा. ग्लॉक ४३ आणि पी३६५ च्या सपाट तळाच्या मॅगझिनवर बहुतेक पुरुषांची करंगळी हवेत राहते. दोन बोटांच्या पकडीवर अर्ध्या किलोचं पिस्तूल उडतं, आणि प्रत्येक गोळीनंतर हात पुन्हा जुळवावा लागतो. पुढे ओठ आलेलं लांब तळाचं मॅगझिन लावून पुन्हा चालवा. बऱ्याच जणांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

सात यार्डांवर कागद लावून सावकाश पाच गोळ्या मारा. मग तेच ग्लॉक १९ किंवा तत्सम मोठ्या पिस्तुलाने. दोन्ही कागद शेजारी धरा. हलकं पिस्तूल जास्त उसळतं, आणि पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर कमी असल्याने हाताची बारीक चूकही कागदावर मोठी होते. नवख्याची बोटं धक्क्याच्या भीतीने आधीच दचकतात आणि गोळ्या खाली-डावीकडे जातात. माझा सल्ला: पहिले दोन-तीन महिने पॉइंट २२ (अगदी छोट्या, कमी धक्क्याच्या काडतुसाचं पिस्तूल) किंवा मध्यम आकाराच्या ९ मिलिमीटरवर शिका, वर्ग लावा, आणि मग सडपातळ पिस्तुलाकडे या. खिशात मावतं म्हणून ३८० चं एलसीपी बायकोला पहिलं पिस्तूल म्हणून देणारे नवरे तर मला कळतच नाहीत. एवढ्या हलक्या वस्तूचा धक्का हाताला बोचतो, आणि ती बाई पुन्हा रेंजवर येत नाही.

थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा सुरक्षेचा खटका) असावी की नसावी यावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतील. शील्ड आणि पी३६५ दोन्ही प्रकारांत मिळतात. जे घ्याल त्यावर सराव करा, एवढंच. रेड डॉटचं, म्हणजे लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमाच्या भिंगाचं, खूळ सध्या जोरात आहे, ते पहिल्या वर्षी नको.

पायरी ५: वापरलेलं घेताना

पी३६५ आल्यापासून जुन्या शील्ड आणि ग्लॉक ४३ वापरलेल्या मालाच्या कपाटात ढिगाने आहेत. त्यांतल्या पुष्कळ कपाटात पडून राहिलेल्या, शंभर गोळ्याही न पाहिलेल्या. नवख्याला इथे चांगला सौदा मिळतो. फक्त तीन गोष्टी तपासा.

पहिली, रिकॉल. ऑगस्ट २०१३ मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याआधी बनलेल्या शील्डसाठी सुरक्षेची सूचना काढली होती, पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून असलेल्या यंत्रणेत दोष असू शकतो म्हणून. त्याच महिन्यात स्प्रिंगफील्डने एक्सडी-एस परत मागवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये शील्ड ईझेडच्या एका काळातल्या हॅमरचा रिकॉल झाला. सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका, दोन मिनिटांत कळतं. दुरुस्ती कंपनी फुकट करून देते. मालक बदलला म्हणून नाही म्हणत नाहीत.

दुसरी, मॅगझिन किती देतात. एकेक मॅगझिन तीस-चाळीस डॉलरांना जातं, एकच मिळालं तर स्वस्ताई तिथेच संपली. तिसरी, अंधारात चमकणाऱ्या साइटचे जास्त पैसे लावत असतील तर बघा. त्यातल्या ट्रिशियमचा प्रकाश सुमारे बारा वर्षांत निम्मा होतो. २०१२-१३ च्या पिस्तुलावर त्या निम्म्याहून मंद झाल्या असतील.

ओळखीतल्याकडून घेत असाल तरी व्यवहार दुकानदारामार्फत करा. पंचवीस ते पन्नास डॉलर हस्तांतराची फी जाते, पण तपासणी होते आणि कागद राहतो. वेगळ्या राज्यातल्या माणसाकडून घ्यायचं तर तो मार्ग सक्तीचाच आहे.

पायरी ६: काउंटरवर

फेडरल फॉर्म ४४७३ भरायचा. दुकानातून पिस्तूल घ्यायला वय एकवीस. राज्याचं ओळखपत्र लागतं आणि त्यावर सध्याचा पत्ता हवा. घर बदलून लायसन्सवर जुनाच पत्ता असेल तर तिथूनच परत पाठवू शकतात. ग्रीन कार्डवाल्यांना एलियन नंबरही लिहावा लागतो. मग दुकानदार नाव तपासणीला पाठवतो. कधी पाच मिनिटांत हिरवा कंदील, कधी ‘डिले’. आपल्या नावांची वडिलांच्या नावासकट लांबी आणि तीन कागदांवर तीन स्पेलिंग असतील तर डिले येऊ शकतो, घाबरू नका. तीन कामाचे दिवस उलटून उत्तर आलं नाही तर फेडरल नियमाने बहुतेक वेळा दुकानदार देऊ शकतो, पण राज्याचा नियम आणि त्याची मर्जी वेगळी असू शकते.

फॉर्मवरचा पहिला महत्त्वाचा प्रश्न: खरे खरेदीदार तुम्हीच आहात का? मित्राचं एच-१बी आहे, त्याने पैसे दिले, तू तुझ्या नावावर घे म्हणाला. हा ‘स्ट्रॉ पर्चेस’. २०२२ च्या कायद्यानंतर त्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग आहे. दोस्तीखातर पुष्कळ काही करावं, हे नाही.

पायरी ७: होल्स्टर, पट्टा, कपडे

पिस्तुलाला पाचशे आणि होल्स्टरला (पिस्तुलाच्या म्यानाला) पंधरा डॉलर, असा हिशेब करू नका. त्याच मॉडेलसाठी बनलेलं, कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर साठ ते शंभर डॉलरांत येतं. सोबत जाड, कडक पट्टा. मऊ कापडी होल्स्टर पिस्तूल काढल्यावर मिटतं, आणि परत घालताना त्याची घडी चापात अडकू शकते. परत घालताना घाई करायचं कारणच नाही: शर्ट एका हाताने पूर्ण वर, बोट बाहेर, नजर होल्स्टरवर, सावकाश. चुकून गोळी सुटण्याचा धोका याच क्षणी मोठा असतो, आणि पोटापुढे बाळगणाऱ्याची नळी त्या वेळी नको तिथे रोखलेली असते.

कपड्यातून आकार दिसतो तो बहुतेक वेळा मुठीच्या टोकाचा. पिस्तूल सडपातळ असलं तरी मूठ लांब असली की वाकताना शर्ट तिथे टोचतो. होल्स्टरला छोटा पंख असतो, तो पट्ट्याला टेकून मूठ पोटाकडे वळवतो. तो असलेलंच घ्या. दिवाळीला कुर्ता-पायजमा घालणार असाल तर पिस्तूल घरी तिजोरीत. नाडीवर ते पेलत नाही. साडीवर तर प्रश्नच नाही. पर्समध्ये ठेवायचा सल्ला बायकांना सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. पर्स खुर्चीला अडकते, पोरं चॉकलेट शोधत त्यात हात घालतात, आणि चोर पहिली पर्सच ओढतो.

पायरी ८: गोळ्या आणि सराव

सरावाला पूर्ण धातूच्या आवरणाची साधी गोळी, बाळगायला पोकळ टोकाची, जी आत गेल्यावर फुलते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची शक्यता कमी करते. न्यू जर्सीत मात्र पोकळ टोकाची गोळी बाळगण्यावर बंधन आहे. परवाना हातात असला तरी तिथला नियम आधी विचारा. ९ मिलिमीटरच्या पन्नास साध्या गोळ्यांचा डबा साधारण पंधरा डॉलरांच्या आगेमागे, ३८० चा त्याहून महाग. म्हणजे ‘छोटं काडतूस, स्वस्त सराव’ हा समज उलटा आहे.

नवं पिस्तूल दोनशे गोळ्या न अडता चालल्याशिवाय कमरेला लावू नका, आणि बाळगायच्या गोळ्यांतल्याही दोन-तीन मॅगझिन त्यातून जाऊ द्या. छोटी पिस्तुलं पकड ढिली झाली की अडकतात. मनगट लुळं राहिलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही. दोष पिस्तुलाचा आहे की हाताचा, हे ठरवायला तेच पिस्तूल प्रशिक्षकाच्या हातात द्या.

पायरी ९: घरात

विकताना दुकानदाराला सोबत कुलूप किंवा तत्सम सोय द्यावीच लागते, तो फेडरल नियम आहे. ते केबलचं कुलूप चालेल, पण लहान पोरं असलेल्या घरात बोटाच्या बटणांवर उघडणारी छोटी लोखंडी तिजोरी घ्या आणि ती पलंगाच्या चौकटीला बांधून टाका. कपाटात साड्यांखाली, देवघराच्या फळीवर, या जागा पोरांना तुमच्याआधी माहीत असतात. शेजारची पोरं खेळायला येतात तेव्हाही तेच.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. नोकरी गेली, व्हिसाची टांगती तलवार आहे, घरात कुणी खचलेलं आहे, कॉलेजमधला मुलगा खोलीत कोंडून घेतोय, तर पिस्तूल घरात नको. आधीच असेल तर काही काळ बाहेर ठेवायची सोय करा. काही दुकानं आणि पोलीस ठाणी ठेवून घेतात. ९८८ या नंबरवर चोवीस तास माणूस बोलायला असतो.

पायरी १०: कुठे न्यायचं नाही

पोस्ट ऑफिस, फेडरल कार्यालयं, कोर्ट, विमानतळावर सुरक्षा तपासणीपलीकडे, दारू घेतलेली असताना. आणि शाळा. इथे आपली माणसं नकळत फसू शकतात, कारण महाराष्ट्र मंडळाचा गणपती, नाटक, दिवाळी हे सगळं शाळेच्या सभागृहात भाड्याने होतं. रविवार असला, एकही विद्यार्थी नसला, तरी इमारत शाळेचीच. देवळांचा नियम राज्यागणिक बदलतो आणि देवळाच्या विश्वस्तांचा स्वतःचा असतो. तिथे विचारूनही नेऊ नये, असं माझं मत.

विमानाने देशातल्या देशात न्यायचं तर रिकामं, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनच्या सामानात, आणि काउंटरवर सांगून. २०२३ मध्ये अमेरिकी विमानतळांवर हातातल्या सामानात ६,७३७ हत्यारं सापडली, बहुतेक भरलेली. जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर एकच होतं, बॅगेत आहे हे विसरलो.

भारतात न्यायचा तर विचारही नको. तिथे ९ मिलिमीटर हे सामान्य नागरिकाला बंदी असलेलं बोअर आहे. पण खरी भीती पिस्तुलाची नाही, विसरलेल्या एका काडतुसाची. रेंजवर वापरलेलीच पाठीवरची बॅग घेऊन माणूस मुंबईला किंवा दिल्लीला उतरतो, परतताना एक्स-रेमध्ये तळाच्या शिवणीत अडकलेली एक गोळी दिसते, आणि आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक बाळगलेली नव्हती म्हणून असे गुन्हे उच्च न्यायालयाने रद्द केल्याची उदाहरणं आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो, आणि आईवडील वकील शोधत फिरत असतात. म्हणून रेंजसाठी वेगळी बॅग घ्या, भडक रंगाची, आणि ती गाडीच्या डिकीशिवाय कुठे जाऊ देऊ नका. रेंजवर घातलेलं जॅकेट भारतवारीच्या बॅगेत टाकण्याआधी त्याचे सगळे खिसे उलटे करा, आतला छोटा खिसासुद्धा.